खाकरून वळणारा वॉचमन

आमच्या घरात टीव्ही भिंतीवर इतका उंच लावलाय की खेळताना मान अवघडते. सावित्री नदीचं पाणी एकदा पहिल्या मजल्यापर्यंत चढून घरात येऊन गेल्यावर महाडात प्रत्येकाने काही ना काही वर चढवून ठेवलं. कुणी फ्रीज, कुणी तांदळाची कोठी. मी टीव्ही चढवला आणि त्याच्या बाजूच्या फळीवर माझा गेमचा डबा. पाहुणे विचारतात, एवढा उंच कशाला? मी सांगते, गेम बुडायला नको म्हणून. त्यांना वाटतं मी थट्टा करते. चाळिशीला टेकलेली बाई, औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासते आणि घरी येऊन हातात कंट्रोलर घेऊन बसते, हे लोकांच्या पचनी पडत नाही. न पडो.

मी खेळते तो लपूनछपून जायचा गेम. आई त्याला सरळ चोराचा गेम म्हणते. त्यात मारामारी करून शूर ठरायचं नसतं. सावलीतून, भिंतीला चिकटून, कुणाच्या नजरेला न पडता आत शिरायचं, हवी ती वस्तू उचलायची आणि तसंच बाहेर यायचं. वाटेत पहारेकरी फेऱ्या मारत असतात. खेळणारे त्यांना गार्ड म्हणतात. आई वॉचमन म्हणते.

आई हा गेम बघायला लागली ती योगायोगाने. बाबा गेल्यावर ती कापडे या आमच्या गावातलं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली आणि जवळजवळ मुकीच झाली. मी फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला घरी यायचे तेव्हा ती सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत असायची. काल निवडलेलेच तांदूळ. मी बोलायचे, ती हुं म्हणायची. एका दुपारी मी टीव्ही लावून खेळत होते. एका गार्डच्या मागून गेले, त्याच्या तोंडावर फडकं दाबलं आणि त्याला हळूच खाली निजवलं.

"त्याला काय केलंस गो?" आईने एकदम विचारलं.

"काही नाही, बेशुद्ध केलं. उठेल थोड्या वेळाने."

"आणि उठल्यावर सायबाला काय सांगंल तो?"

इतकी वर्षं मी असले गेम खेळत होते, पण गार्डला साहेब असतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मेमो मिळंल त्याला," आई म्हणाली आणि सूप बाजूला ठेवून टीव्हीसमोर येऊन बसली.

माझे बाबा वॉचमन होते. वसाहतीतल्या एका कंपनीच्या गेटवर, ठेकेदाराकडून लागलेले. आम्ही तेव्हा महाडात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि भाताचं शेत कापड्याला. मी कॉलेजात असताना त्यांची ती नोकरी गेली, आणि ती कशी गेली हाच आमच्या घरातला एकमेव न बोलायचा विषय होता. आईला त्यांना काहीतरी विचारायचं राहून गेलं होतं असं नाही. तिने विचारलं होतं. उत्तर राहून गेलं होतं. त्याकडे मी येतेच.

त्या दुपारनंतर गेमचे नियम आईने ठरवले. कुणाही वॉचमनला हात लावायचा नाही. उघडलेलं दार परत लावायचं, म्हणजे त्याच्यावर ठपका येणार नाही. दिवा विझवला तर परत पेटवायचा. तसं गेममध्ये करता येत नाही म्हटल्यावर तिने गेम बनवणाऱ्यांना दोन शब्द सुनावले. तिच्या नियमांनी खेळणं म्हणजे एका वाड्यात शिरायला चार दुपारी. पण तिला त्या लोकांच्या चालण्यातलं इतकं कळायचं की मी थक्क व्हायचे. "थांब, आता तो टेकंल. पाय भरून आलं असतील." खरंच टेकायचा. "आता वळंल बघ." वळायचा. आणि मध्येच, टीव्हीवरची नजर न काढता, ती बाबांबद्दल बोलायची. उन्हाळ्यात बूट काढले की त्यांचे पाय कसे दिसत, पहिला डबा दिला तेव्हा चटणी सांडून युनिफॉर्म कसा लाल झाला. मी ते सगळं पहिल्यांदा ऐकत होते. खेळ हे निमित्त होतं. मी तर हरल्याचंही वाईट वाटून घेत नव्हते. तेवढाच अजून एक डाव, तेवढेच बाबा.

एक त्यांची सवय मात्र मलाही पाठ होती. बाबा कुठल्याही कोपऱ्यावरून खाकरल्याशिवाय वळायचे नाहीत. ही कापड्याची शिकवण. तिथे नदीवर बायका धुणी घेऊन बसतात, कुणी अंघोळ करत असतं. वाट वळणाची. पुरुषमाणसाने वळणाच्या अलीकडे खाकरायचं, दोन पावलं थांबायचं आणि मग पुढे जायचं. समोरच्याला सावरायला वेळ मिळतो. बाबांना ते लहानपणी शिकवलं आणि त्यांनी ते नदीपुरतं ठेवलंच नाही. महाडच्या आमच्या गल्लीतही कोपऱ्यावर त्यांचं खाकरणं आधी यायचं आणि मागून ते.

त्याचा सगळ्यात मोठा फायदा मला झाला. शेजाऱ्यांकडून मी कॅसेटचा गेम मागून आणायचे आणि अभ्यास सोडून खेळत बसायचे. कोपऱ्यावर खाकरणं ऐकू आलं की वायरी ओढायच्या, गेम पलंगाखाली, पुस्तक मांडीवर. बाबा आत यायचे, टोपी काढून टीव्हीवर ठेवायचे. टीव्ही तव्यासारखा तापलेला असायचा. ते काही बोलायचे नाहीत. मला कितीतरी वर्षं वाटत होतं की मी त्यांना फसवते.

आता ती चोरी. लावणीचे दिवस होते. बाबा पहाटे कापड्याला जाऊन दुपारपर्यंत चिखलात वाकले, एसटीने परत आले आणि तीनच्या शिफ्टला गेटवर उभे राहिले. त्या संध्याकाळी कंपनीच्या मागच्या आवारातून पितळी व्हॉल्व्हची एक पेटी गेली. बाबांचा राउंड झाला होता. राउंडवर आठ ठिकाणी किल्ल्या टांगलेल्या असत. प्रत्येक किल्ली जवळच्या घड्याळात फिरवली की वेळ उमटायची. आठही वेळा बरोबर उमटल्या होत्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "किल्ल्या फिरल्यात म्हणजे चाललास. पेटी दिसली नाही म्हणजे बघितलं नाहीस. झोपेत चालतोस काय रे?" बाबांनी मेमोला उत्तर लिहिलं ते मीच साफ अक्षरात उतरवून दिलं होतं. एकच ओळ होती: मी जागा होतो, मला कोणी दिसले नाही. दोन दिवसांत त्यांना काढलं.

नोकरी गेली त्या रात्री जेवताना आईने भात वाढता वाढता विचारलं, "डोळा लागलता काय हो तुमचा?"

बाबांनी घास संपवला, हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. बस एवढंच. पुढे त्यांना एका सोसायटीच्या गेटवर काम मिळालं, मग ते दोघं कापड्याला परत गेले, शेती केली, एकमेकांची दुखणी काढली. पण आई मला एकदा म्हणाली होती, मी तो प्रश्न इचारला आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं नाय. मी तिला काय सांगणार? दिवसभर लावणी करून आलेला माणूस. माझ्या मते त्यांचा डोळा लागलाच होता. मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी झाले होते, आणि वर मायेने माफही करून टाकलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

तर गेल्या वर्षी त्या गेमचा नवा भाग येणार असं जाहीर झालं. पहिला ट्रेलर आला आणि आमच्या ग्रुपवर धुरळा उडाला. आमचा ग्रुप म्हणजे सात-आठ जण: माझा मुंबईचा मावसभाऊ, वसाहतीतल्याच दुसऱ्या कंपनीतला एक ऑपरेटर जो शिवथरहून मोटारसायकलने येतो, आणि त्यांचे मित्र. ट्रेलरमध्ये नायक तलवार काढतो. मावसभाऊ पेटला. "वाट लावली. आता हा लपणार नाय, नाचणार!" शिवथरवाल्याला उलट आनंद झाला होता. छपरावरचा पाऊस काय आवाज करतो, कौलावरून पाय कसा सटकतो, हे त्याने तीन संदेशांत लिहिलं. एकाला चेहरा आवडला नाही. एकाला काहीच आवडलं नाही, पण त्याने आगाऊ नोंदणी केली होती. मी कुंपणावर बसले होते. मला एकच भीती होती: या भागात मारल्याशिवाय पुढे जाताच आलं नाही तर आई खेळणार नाही. आणि आई खेळली नाही तर बाबा परत बंद.

मी ते ग्रुपवर लिहिलं, अर्धंच. आईला कुणाला मारलेलं चालत नाही, एवढंच.

"पंचशील पाळतात त्या, बरोबर हाय," शिवथरवाल्याने लिहिलं. "आमच्या घरात गेमवर पण उपास धरायला लावतील."

आई रोज संध्याकाळी बुद्धवंदना म्हणते हे त्याला ठाऊक होतं. त्याचा अंदाज चुकीचा नव्हता, अपुरा होता. मी फक्त हसणारं तोंड पाठवलं.

मग महिनाभराने बनवणाऱ्यांनी खेळून दाखवलेला मोठा व्हिडिओ आला. त्यात एक जागा होती तिच्यावरून जगभर भांडण जुंपलं. नायक एका आवारात पेटीजवळ उभा आहे. कोपऱ्यापलीकडून गार्ड येतोय. वळायच्या आधी तो घसा खाकरतो, क्षणभर थांबतो. तेवढ्यात नायक पेटी उचलून ओल्या भिंतीआड जातो. गार्ड वळतो, हातातला कंदील उंच धरून सगळीकडे नीट बघतो आणि पुढे जातो. नायक त्याच्यापासून दोन हातांवर.

निम्मे लोक म्हणाले, गार्ड असे मूर्ख केले तर खेळायची मजा काय? निम्मे म्हणाले, एवढी चाहूल पाहिजेच, नाहीतर जाणार कसं? आमच्या ग्रुपवरही तेच. मावसभावाने लिहिलं, "वर्दी देऊन येतो आणि समोरचं दिसत नाय. झोपेत चालतो काय हा?"

मी हे आईला हसत हसत वाचून दाखवलं. वाचताना जीभ चावली, पण शब्द बाहेर पडला होता.

आईचा चेहरा उतरला. "लाव बघू," ती म्हणाली.

मी व्हिडिओ लावला. मान वर करून तिने तो सगळा प्रसंग पाहिला. "परत लाव." परत लावला. तिसऱ्यांदा तिने मला खाकरण्याच्या जागी थांबवायला लावलं. टीव्हीवर तो गार्ड कोपऱ्याच्या अलीकडे उभा होता, कंदील खाली, तोंड किंचित उघडं.

"जागा हाय तो," आई म्हणाली. "डोळं बघ. टक्क जागा हाय."

"हो."

"आणि तरी पेटी गेली."

तिचं बोट अजून टीव्हीकडे होतं, पण बोलणं बाबांवर आलं होतं.

"हा माणूस खाकारल्याशिवाय कंदी कोपरा वळला काय गो? घरात नाय, नदीवर नाय. मंग तिथं वळला असंल?" ती माझ्याकडे वळली. "चोराला आधीच कळलं असंल. हे जागं व्हते."

वीस वर्षं मी भिंतीला चिकटून गार्डांच्या चाहुलीवर उड्या मारत आले होते. शीळ घालणारा गार्ड सोपा, खोकणारा त्याहून सोपा, हे मी इतरांना शिकवलेलं आहे. आणि माझ्याच घरातल्या माणसाचा हिशोब मला लागला नव्हता. लॅबमध्ये मी एका थेंबावरून अख्खा टँक नापास करते.

पण आईचं समाधान झालं नव्हतं. "मंग बोलले का नायत?" ती म्हणाली. "खाकारलो म्हणून सायबाला सांगायचं. मला तरी सांगायचं."

त्या प्रश्नाने ती दोन दिवस अस्वस्थ होती. एक गाठ सुटली की खालची घट्ट होते तसं झालं. मी शेवटी रागारागाने ग्रुपवर लिहून टाकलं. मावसभावाचा राग, माझाच राग, सगळा त्यात होता. लिहिलं की माझे बाबा वॉचमन होते, अमुक कंपनीच्या गेटवर, ते असेच खाकरून वळायचे, आणि त्यांनाही साहेब हेच म्हणाला होता, झोपेत चालतोस काय. तर त्या गार्डला मूर्ख म्हणायच्या आधी विचार करा.

ग्रुप गार पडला. मावसभावाने आपला संदेश पुसून टाकला आणि मला वेगळा लिहिला, "मावशीला सांगू नको मी लिवलं ते." शिवथरवाला काहीच बोलला नाही. मला वाटलं, झालं, एक मित्र गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा आवाजी संदेश आला. "ताई, माझा बाबा त्याच कंपनीत हेल्पर व्हता. त्याला तुमचं वाचून दाखवलं. तो काय बोलला ते ऐका." मग खरखर, आणि एक म्हातारा आवाज. मी तो आईजवळ बसूनच ऐकला.

"कापड्याचा वॉचमन ना? वळखतो. डबल शिफ्टला आमी मागं ड्रमाच्या आड जरा पाठ टेकायचो. तो कोपऱ्यावर खाकारायचा. खाकारला की आमी उठून हातात झाडू. येऊन बघायचा आनि बोलायचा, चाललंय ना रे काम? कुणाचं नाव कंदी दिलं नाय त्यानं. चोरीच्या टायमाला सायबानं आमाला इचारलं, हा झोपतो काय? आमी गप ऱ्हायलो. खाकारतो म्हणून सांगितलं असतं तर तुमी तिथं काय करत व्हतात, ते बी सांगायला लागलं असतं. तोही नाय बोलला, आमीही नाय बोललो. त्याची गेली, आमची ऱ्हायली. वयनींना सांगा, चुकलं आमचं."

संदेश संपला. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः बोट लावून परत ऐकला. तिला फोनवरचं काही लावता येत नाही असं मी समजत होते.

"त्या लोकांची नावं सांगायला लागली असती," ती म्हणाली. "म्हणून बोललं नायत." मग फोन खाली ठेवून, "मी इचारलं तवा तूपण समोर व्हतीस. तुझ्यासमोर कसं सांगतील? तू बोलली असतीस कुठंतरी. तोंडाची फटकळ."

ते खरं होतं. मी बोलले असते. त्या वयात मी कंपनीच्या गेटवर जाऊन भांडले असते आणि ड्रमांमागच्या सगळ्यांची नावं मोठ्याने घेतली असती. मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं, आणि मी आईचा हात धरला. तिने धरू दिला.

"येऊ दे तो गेम," ती उठता उठता म्हणाली. "खेळू. पण त्या वॉचमनच्या हद्दीतलं कायसुदिक उचलायचं नाय."

"आई, ती पेटी घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल तर?"

"तर नाय जायाचं पुढं. तितंच खेळू."

गेम यायला अजून काही महिने आहेत. ग्रुपवर भांडण चालूच आहे. मावसभाऊ तलवारीला शिव्या देतो, शिवथरवाला पावसाचं कौतुक करतो, आणि त्या खाकरणाऱ्या गार्डचा विषय कुणी काढला की दोघंही मिळून त्याची बाजू घेतात.

तो आवाजी संदेश आला त्याच संध्याकाळची गोष्ट सांगून थांबते. मी भाजी आणायला खाली गेले होते. परत आले तर दार लोटलेलं होतं आणि आतून आईचा आवाज येत होता. मला वाटलं वंदना चालली आहे. पण ती वंदना नव्हती. फटीतून दिसलं, ती बाबांच्या फोटोसमोर उभी होती. टीव्हीसारखाच तोही उंच लावलाय, पाण्याच्या भीतीने, त्यामुळे तिला मान वर करावी लागली होती.

"जागंच व्हतात तुमी," ती म्हणत होती. "मी इचारायला नको व्हतं." आणि तिचे खांदे हलायला लागले.

मी दाराला हात लावला होता तो काढून घेतला. जिन्यावर दोन पायऱ्या खाली उतरले आणि जोरात खाकरले. मग थांबले.

आत पदराची सळसळ झाली, नाक ओढल्याचा आवाज आला, मग सुपात तांदूळ पडले.

"ये गो," आई म्हणाली.